सरांचं ओ डिअर

मानेसरच्या त्या कारखान्यात शिवी दिल्याशिवाय फोर्कलिफ्टसुद्धा मागे सरकत नसे. मी पुण्याहून नवीन आलेली, क्वालिटी विभागात इंजिनिअर, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पहिल्या आठवड्यात कानाला इतकं वळण लागलं की कुणी नुसतं 'भैया, जरा हटना' म्हटलं तर हा माणूस आजारी आहे की काय असं वाटायचं. आणि या सगळ्या गदारोळात एकच माणूस असा होता, ज्याच्या तोंडून कधी वावगा शब्द गेला नाही. ते आमचे विभागप्रमुख. मूळचे पुण्याचेच, पण दिल्लीकडे येऊन पंचवीस वर्षं झालेली. काहीही बिघडलं, कितीही बिघडलं, तरी सर फक्त 'ओ डिअर' म्हणायचे.

पाठीमागे त्यांचं नाव 'डिअर साहब' होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं थोडं आवडायचंही.

त्यांच्या ओ डिअरचे प्रकार होते, ते मला आमच्या लाइनवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर रामसूरतजी यांनी शिकवले. श्वास सोडता सोडता एकदाच म्हटलं तर साधी चूक. चहा थंड झाला, कुणी रजिस्टरात तारीख चुकवली, असली. दोनदा म्हटलं आणि मान हलवली तर माल अडकला समजायचं. तिसरा प्रकार डोळे मिटून म्हणायचा. तो रामसूरतजींनी अकरा वर्षांत दोनदाच ऐकला होता आणि त्याबद्दल ते बोलायला तयार नव्हते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी खराब मालाचा फोटो टाकला की सर खाली फक्त 'ओ. डि.' एवढंच लिहायचे. ती दोन अक्षरं दिसली की सुट्टीच्या दिवशीही माणूस पलंगावर उठून बसायचा.

सर राहायचे गाझियाबादला. गाझियाबादहून मानेसरला रोज येणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा त्याचं घर स्वतःचं असतं. सरांच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. पहाटे निघून मेट्रो बदलत बदलत ते गुडगावला यायचे आणि तिथून आमच्याबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसायचे. हिवाळ्यात त्यांच्या डब्याच्या पिशवीत संत्री असायची. एक संत्रं सोलायला त्यांना वीस मिनिटं लागत, कारण फोडीवरचा एकही पांढरा दोरा त्यांना चालत नसे. मग त्या तपासून पास झालेल्या फोडी ते शेजारच्याला द्यायचे. शेजारी बहुतेक वेळा मी असायची, कारण बसमध्ये मराठी बोलायला दुसरं कुणी नव्हतं. बाकी सगळ्यांशी त्यांचं पुणेरी हिंदी चालायचं, 'वो काम हो गया क्या, नहीं तो फिर कल मेरे कू मत बोलना' अशा थाटाचं.

अशाच एका प्रवासात मी विचारलं, "सर, हे ओ डिअर तुम्हाला कुठून लागलं?"

लागलं हा शब्द त्यांना पटला. ते म्हणाले, "अगं, लागलंच. मी तुझ्या वयाचा असताना भयंकर तोंडाळ होतो. पिंपरीला होतो तेव्हा. माझ्या शिव्या ऐकायला शेजारच्या मशीन शॉपमधले लोक यायचे. एकदा एक म्हातारा इंग्रज ऑडिटला आला. त्याच्यासमोर आमची आख्खी रॅक कोसळली. महिन्याभराचा माल, हजारो पिना, जमिनीवर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, 'ओ डिअर'. आणि खाली वाकून पिना गोळा करायला लागला. त्याच्या मागोमाग सगळे वाकले. मी एकटाच उभा राहिलो, तोंड उघडं ठेवून."

संध्याकाळी सरांनी त्या इंग्रजाला गाठून या शब्दांचा अर्थ विचारला. तो म्हणाला, मला काय माहीत, माझी आई म्हणायची. एवढ्यावर समाधान मानतील तर ते सर कसले? ते ग्रंथालयात गेले, शब्दकोश उघडले, पुढे इंटरनेट आल्यावर तिथेही शोधलं. कुणी म्हणे हे इटालियन भाषेतल्या 'माझ्या देवा'वरून आलं, पण जाणकार ते उडवून लावतात. जास्त पटणारी गोष्ट अशी की पूर्वी लोक 'डिअर गॉड', 'डिअर लॉर्ड' म्हणत असावेत, आपल्या 'अरे देवा'सारखं. पण त्यांच्या धर्मात उगाच देवाचं नाव घेणं पाप. म्हणून देव गाळला आणि डिअर राहिला. तीन-चारशे वर्षं झाली, देव काही परत आला नाही.

"म्हणजे बघ," सर संत्र्याची फोड उजेडात धरून म्हणाले, "पत्राला मायना लिहिला, 'प्रिय', आणि पुढे जागा कोरी. आपल्याकडे तसं नाही. आपण अरे देवा म्हणतो, बाप रे म्हणतो, आई गं म्हणतो. कुणाला ना कुणाला हाक मारतोच. इथली मंडळी तर समोरच्याच्या आईबहिणीलाच बोलावतात. याच्यात कुणीच नाही. चूक झाली, वाईट वाटलं, बस. नाव कुणाचंच नाही. कारखान्यात याच्याइतका उपयोगी शब्द नाही."

मला तेव्हा वाटलं, गोष्ट छान आहे, पण माणूस जरा जास्तच शिकलेला आहे.

मराठीत याला शब्द कोणता, यावरही त्यांचं संशोधन चालू असे. राग नाही, शोक नाही, पश्चात्तापही नाही. शेवटी त्यांनी 'हळहळ' पक्का केला. घरी जेवताना मोठ्या उत्साहाने मुलीला सांगितला. मुलगी गाझियाबादेत वाढलेली. ती म्हणाली, "हळहळ मतलब? हळद का कुछ?" सरांनी पोळीचा घास खाली ठेवला आणि ओ डिअर म्हटलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना बसमध्ये एकटेच हसत बसले.

दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी ते मला कस्तुरबा गांधी मार्गावर, आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये साबुदाणा वडा खायला बोलवायचे. तुझं घर लांब पुण्याला, खाण्यापिण्याचे हाल होत असतील, असं त्यांचं म्हणणं. एकदा वडे गार आले. सरांनी ताटाकडे बघून हळूच ओ डिअर म्हटलं. वाढणारे काका कोल्हापूरकडचे, पन्नाशीचे, चांगले मिशीवाले. एखादा आरडाओरडा करणारा खासदाराचा पाहुणा त्यांनी सहज परतवला असता. पण ते खजील होऊन ताट उचलून गेले, गरम वडे घेऊन आले आणि आम्ही निघेपर्यंत आमच्याकडे बघायचं टाळत राहिले. मला त्यांची दया आली. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. दहीचटणी उत्तम आहे, म्हणाले.

आता त्या दिवसाबद्दल. यासाठी आमचं काम थोडं सांगायला हवं. आम्ही ब्रेकच्या पेडलमध्ये बसणारी पिन बनवायचो. प्रत्येक पिन एका यंत्रातून तपासून जायची. पण यंत्रच झोपलं असेल तर? म्हणून एक मुद्दाम बिघडवलेली पिन ठेवलेली असते. तिच्यावरची खाच कमी खोल असते. शिफ्टच्या सुरुवातीला आणि पिना कापणाऱ्या मशीनचं हत्यार बदललं की ती तपासणीच्या यंत्रात घालायची. यंत्राने ती नाकारली, म्हणजे यंत्र जागं आहे. मग ती परत कुलपाच्या पेटीत. तिला लाल रंग दिलेला असतो आणि तिला लाल मास्टर म्हणतात. कारखान्यातली ही एकमेव खराब पिन, जिला सगळे जपतात.

त्या सकाळी नऊनंतर हत्यार बदललं. मी लाल मास्टर घातली, यंत्राने नाकारली, मी ती हातात घेतली आणि तेवढ्यात एचआरचा फोन आला. कन्फर्मेशनची फाइल पुढे जात होती, दोन फोटो आणून द्या म्हणाले. मी आनंदाने हो हो करत टेबलाच्या कडेला पिन ठेवली. शेजारीच पास झालेल्या पिनांचा ट्रे होता. हाताळून हाताळून मास्टरचा लाल रंग जवळजवळ गेलेला होता, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणीच बघितलेलं नव्हतं. दहा वाजता पेटी उघडली, तर रिकामी. ट्रे पॅक होऊन ट्रक साडेनऊलाच गेला होता.

मी तेव्हाच सरांकडे जायला हवं होतं. त्यांची केबिन पंधरा पावलांवर होती. मी गेले नाही. मी टेबलाखाली शोधलं, स्क्रॅपच्या डब्यात हात घातला, तीनदा पेटी उघडून पाहिली. मग जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी खराब मालातली एक पिन उचलली, लेडीज टॉयलेटमध्ये गेले आणि पर्समधलं लाल नेलपॉलिश तिला लावलं. दोन कोट. फुंकर मारून वाळवलं आणि पेटीत ठेवून कुलूप घातलं. लाल मास्टर इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती.

माझ्या डोळ्यांसमोर सरांचा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा होता, जो मी कधी पाहिलेलाही नव्हता. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं सांगते, त्यांनी ते दोन शब्द माझ्यासाठी म्हणावेत, ही भीती मोठी होती.

दोन वाजता कँटीनमध्ये राजमा-चावल समोर घेऊन बसले आणि घास जाईना. ज्यांना माल जायचा त्या कारखान्यात दुसरी शिफ्ट साडेतीनला सुरू होते. खोकी तेव्हा फुटणार. ती पिन एखाद्या गाडीत बसणार, आणि कुणीतरी त्या पेडलवर पाय ठेवणार. सर पलीकडच्या टेबलावर जेवत होते. मी ताट तसंच ठेवून त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. नेलपॉलिशसुद्धा.

सरांनी डोळे मिटले. "ओ डिअर," म्हणाले. मग डोळे उघडून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "केव्हा कळलं तुला?"

"दहा वाजता."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चार तास हे त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही. फोन लावून माल गेलेल्या त्या कारखान्याला सांगितलं, आमचा आजचा माल उघडू नका, आम्ही येतोय. आपलं ताट त्यांनी तसंच सोडलं. विभागाच्या व्हॅनमधून सर, मी आणि रामसूरतजी निघालो. वाटेत मी विचारलं, "सर, मला काढतील का?"

"ते नंतर बघू. आधी पिन," ते म्हणाले.

त्या कारखान्याच्या गोदामात जमिनीवर पुठ्ठे पसरून आम्ही तिघं बसलो. एकेक खोकं उघडायचं, एकेक पिन खाच मोजायच्या गेजमध्ये घालायची. आमचे साठीला टेकलेले विभागप्रमुख मांडी घालून पिना तपासत होते, आणि त्या कारखान्याचे ट्रेनी कडेला उभे राहून बघत होते. सातव्या खोक्यात ती सापडली, रामसूरतजींच्या हाताला. चंदेरी, बाकीच्यांसारखीच. फक्त खाचेच्या कोपऱ्यात नखाएवढा लाल रंग राहिला होता. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. मी तिथेच पुठ्ठ्यावर बसून रडले.

पण प्रकरण इथे मिटलं नाही. आमच्या धंद्यात चूक सापडली की तिचा कागद करावा लागतो. पाच वेळा 'का' विचारायचं आणि दर वेळी उत्तर लिहायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं, अशी समजूत आहे. बहुतेक लोक तिसऱ्या 'का'नंतर थकतात आणि 'कामगाराला समज देण्यात आली' असं लिहून मोकळे होतात. प्लांट हेडने तर सरांना रस्ताही सुचवला होता. "लड़की प्रोबेशन पर है. नाम डाल दीजिए, बात खत्म." सरांची वयाची साठ वर्षं पूर्ण होत होती आणि दोन वर्षांच्या एक्स्टेन्शनची त्यांची फाइल याच साहेबांच्या टेबलावर पडून होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. त्या रात्री मी आईला फोन करून, मी बहुतेक परत येतेय, असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आणि रामसूरतजींना समोर बसवलं आणि पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. पिन का गेली? पेटीबाहेर राहिली. चांगल्या मालात का मिसळली? रंग उडाला होता. रंग उडालेला का कळला नाही? तो तपासायचं कुणावर सोपवलेलंच नव्हतं. इथपर्यंत ठीक. मग त्यांनी चौथा लिहिला: कळवायला चार तास का लागले? उत्तर: इंजिनिअरने सांगितलं नाही.

"आणि का सांगितलं नाही?" सरांनी मला विचारलं. मी टेबलावरचा कागद सरळ करायला लागले. मग त्यांनी रामसूरतजींकडे पाहिलं.

रामसूरतजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "साहब, बुरा मत मानिएगा. गाली तो आदमी खा के भूल जाता है. दूसरे साहब लोग दिन भर देते हैं, शाम को उन्हीं के साथ चाय पी लेते हैं. आपका ओ डिअर घर तक साथ जाता है. रोटी के साथ बैठता है. हम लोग आपसे बहुत डरते हैं."

सरांच्या चेहऱ्यावर मी असा भाव त्याआधी कधी पाहिला नव्हता. दुखावल्याचा नव्हता तो. इतकी वर्षं चष्मा लावून शोधलेली वस्तू स्वतःच्याच नाकावर सापडावी, तसा काहीसा होता.

"सर, तुम्ही कधी कुणावर ओरडलासुद्धा नाहीत," मी घाईघाईने म्हणाले.

"तेच तर," ते म्हणाले. "मला वाटत होतं, मी नाव गाळतो. आणि ज्याची चूक आहे तो बिचारा त्या कोऱ्या जागेत आपलंच नाव भरतोय."

त्यांनी पेन्सिल ठेवली, खिशातलं पेन काढलं आणि पाचव्या 'का'समोर शाईने लिहिलं: विभागप्रमुखांची भीती वाटते. खाली सही केली, पदासकट. प्लांट हेडने तो कागद दोनदा परत पाठवला. दोन्ही वेळा सरांनी तो तसाच वर पाठवला, आणि मजकूर बदलला तर त्या कागदावर आपली सही नसेल, एवढंच कळवलं. शेवटी तोच कागद ग्राहकाकडे गेला. तिथल्या माणसाने फोन करून विचारलं म्हणे, की हे टायपिंगमध्ये काही चुकलंय का. सर म्हणाले, बिल्कुल नाही.

मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं, तीन महिने उशिरा. सरांना एक्स्टेन्शन मिळालं ते सहा महिन्यांचं. दोन वर्षं मागितली होती. मी माफी मागायला गेले, तेव्हा म्हणाले, मेट्रोचे धक्के किती दिवस खायचे, सहा महिने भरपूर झाले. त्यांना वाईट वाटलं होतं, मला माहीत आहे. त्यांना ते काम फार आवडायचं.

पण मला सर आठवतात ते निरोपसमारंभातले नाहीत. मला आठवते ती कागद पाठवल्यानंतरची सकाळ. आदल्या संध्याकाळी सरांनी तो सगळा कागद स्वतःच्या हाताने हिंदीत लिहून काढला होता, आणि लाइनशेजारच्या फळ्यावर लावला होता. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना वाचता यायला हवं, म्हणाले. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी त्याच्यासमोर गर्दी झाली. ज्यांना वाचता येत होतं ते इतरांना वाचून दाखवत होते. पाचव्या ओळीला आवाज आपोआप खाली जायचा.

सरांनी केबिनमधली खुर्ची उचलून आणली होती आणि लाइनच्या तोंडाशी एक टेबल मांडून ते बसले होते. अर्धा तास कुणीच आलं नाही. सर एका संत्र्याचे दोरे काढत बसले. मग रामसूरतजी आले. त्यांनी डब्याच्या पिशवीत हात घातला, डब्याच्या खालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. फडकं उघडलं. एक पिन होती, कडेला तडा गेलेली.

"होली से रखा है, साहब," ते म्हणाले. "मशीन नंबर चार का है. डर के मारे दिया नहीं."

सरांनी तोंड उघडलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी ते मिटलं. पाय लांब करून टेबलाखालचं स्टूल बाहेर ओढलं आणि म्हणाले, "बैठो. आराम से बताओ."

रामसूरतजी बसले. त्यांच्या मागे आणखी तिघं उभे होते, खिशात हात घालून.